मराठवाड्यातल्या कॉलेजातून अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात ट्रान्सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कॉलेजात पदवीला असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे पान आहे. लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं. सांगायचं मुख्य ते आधीच सांगतो. ट्रान्सफरच्या अर्जात हुशारीइतकेच कागद महत्त्वाचे असतात आणि आपल्याकडे कागदांना वेळ लागतो. त्यामुळे निबंध लिहायच्या आधी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अर्ज द्या.

ट्रान्सफर म्हणजे नेमकं काय? पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते का?

नाही. इथे शिकलेल्या विषयांपैकी काहींचं क्रेडिट तिथे धरतात आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला प्रवेश देतात. पदवी मात्र त्या विद्यापीठाची मिळते, म्हणून किमान दोन वर्षं तिथे शिकण्याची अट बहुतेक ठिकाणी असते. येल विद्यापीठाच्या पदवीला ३६ कोर्स क्रेडिट लागतात. ट्रान्सफर विद्यार्थ्याला त्यातली निम्मी, म्हणजे १८, येलमध्येच मिळवावी लागतात.

अर्ज कोणत्या वर्षी करावा?

दुसऱ्या वर्षात असताना. पहिल्या वर्षात केला तर अर्जाच्या तारखेला हातात फक्त एका सत्राचा निकाल असतो, तोही वेळेत लागला तर. मग निवड समिती बारावीकडेच पाहते आणि तुमची तुलना थेट बारावीनंतर अर्ज केलेल्यांशी होते. दुसऱ्या वर्षात दोन सत्रांचे निकाल हातात असतात, तिसऱ्याचा येण्याच्या बेतात असतो आणि शिकवलेल्या प्राध्यापकांशी ओळख झालेली असते.

तिसऱ्या वर्षापर्यंत थांबू नका. दोन वर्षांपेक्षा जास्त कॉलेज झालेल्यांचा अर्ज हार्वर्ड घेत नाही. तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. पूर्ण झाली तर ट्रान्सफरचा मार्गच बंद होतो, कारण पदवी असलेल्याला पदवीसाठी घेत नाहीत. त्यांनी सरळ पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करावी.

मुदती कोणत्या?

ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशासाठी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनची मुदत साधारण १ मार्च असते, स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलची १५ मार्च. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखांचं वेळापत्रक वेगळं आहे. बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे शाखांचे अर्ज आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भरायचे असतात. त्या त्या वर्षीची तारीख विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहून कागदावर लिहून ठेवा, एखाददुसऱ्या दिवसाचा फरक पडतो.

आपल्याकडे हिवाळी परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते आणि निकाल पुष्कळदा फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतो, म्हणजे नेमका मुदतीच्या तोंडावर. तो लागेपर्यंत अर्ज अडवून धरू नका. निकाल प्रलंबित असल्याचं प्राचार्यांचं पत्र लावा आणि गुणपत्रिका आली की त्याच दिवशी विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवा.

जागा किती असतात?

फार कमी, आणि विद्यापीठागणिक फरक मोठा. हार्वर्डमध्ये वर्षाला दहा-पंधरा विद्यार्थी ट्रान्सफरने येतात. प्रिन्स्टनने १९९० मध्ये ट्रान्सफर बंद केलं होतं, ते २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं आणि तिथे कम्युनिटी कॉलेजातून (अमेरिकेतली दोन वर्षांची कॉलेजं) किंवा सैन्यातून आलेल्यांना विशेष प्राधान्य असतं. कॉर्नेल दरवर्षी शेकडो विद्यार्थी घेतं. कॅलिफोर्नियाच्या शाखा हजारोंनी घेतात, पण त्यातले बहुसंख्य त्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचे असतात. शिवाय तिथे ६० सेमिस्टर युनिट (म्हणजे तिथली क्रेडिट) लागतात आणि त्यात इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स असावे लागतात. आपल्या बी.एस्सी.ला असे कोर्स नसतात, म्हणून चांगले गुण असूनही अर्ज तिथेच अडतो. केवळ नावं पाहून यादी करण्याआधी प्रत्येक ठिकाणची ही अट वाचा.

गुणपत्रिका आहेत. ट्रान्सक्रिप्ट वेगळी काढावी लागते का?

हो, आणि सर्वांत जास्त वेळ इथेच जातो.

गुणपत्रिका एका सत्राची असते. ट्रान्सक्रिप्टमध्ये सगळ्या सत्रांचे विषय, क्रेडिट आणि ग्रेड एकत्र येतात आणि ती परीक्षा विभाग सही-शिक्क्यानिशी देतो. तुमचं कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असेल तर ती विद्यापीठातून काढायची. स्वायत्त असेल तर कॉलेजचे परीक्षा नियंत्रक देतात. धाराशिव, लातूर आणि परभणीला विद्यापीठांची उपकेंद्रं आहेत, पण हे काम तिथे होतं का ते फोनवर विचारूनच गाडी पकडा. लोणेरेच्या विद्यार्थ्यांनी लांबच्या प्रवासाआधी ईमेलवर पाठपुरावा करावा.

अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच द्या. सोबत सर्व गुणपत्रिकांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती जोडा. ग्रेडचा तक्ता मागच्या बाजूला छापलेला असतो आणि स्कॅन करताना नेमकी तीच बाजू राहून जाते. मग तिकडच्या वाचणाऱ्याला ८.४ म्हणजे किती हे कळायला मार्ग उरत नाही. अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. त्या क्रमांकाशिवाय पुढच्या खेपेला विचारणार तरी कशाच्या आधारावर? सीलबंद पाकिटं दोन-तीन जास्तीची मागा आणि विद्यापीठ स्वतःच्या ईमेलवरून डिजिटल प्रत पाठवतं का तेही विचारा.

दिलासा एवढाच की अर्जाच्या टप्प्यावर पुष्कळ विद्यापीठं गुणपत्रिकांचे स्कॅन चालवून घेतात आणि अधिकृत ट्रान्सक्रिप्ट प्रवेश मिळाल्यावर मागतात. पण जिथे आधीच हवी असते तिथे सबब चालत नाही.

सी.जी.पी.ए.चं रूपांतर अमेरिकेतल्या चारच्या मोजपट्टीवर (जी.पी.ए.) स्वतः करायचं का?

करू नका. दहापैकीचा आकडा ०.४ ने गुणून जी.पी.ए. काढायची पद्धत सर्रास दिसते, पण तिला आधार नाही. तुमच्या विद्यापीठाच्या मोजपट्टीवर जो आकडा आहे तोच लिहा. काही विद्यापीठं मान्यताप्राप्त संस्थेकडून विषयवार मूल्यमापन मागतात, बाकीची स्वतःच करतात.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी आणि ७५ ला विशेष प्रावीण्य मिळतं, हे तिकडे प्रत्येकाला माहीत असेलच असं नाही. तुमच्या वर्गात किती जण होते आणि त्यात तुमचा क्रमांक कितवा, हे प्राचार्यांच्या पत्रात आलं तर ७२ टक्क्यांचा खरा अर्थ पोहोचतो.

ए.टी.के.टी. लागली होती. लपवता येईल का?

नाही. ट्रान्सक्रिप्टमध्ये ती दिसते आणि लपवल्याचं उघड झालं तर दिलेला प्रवेशही रद्द होतो. अर्जात जादा माहितीची जागा असते. तिथे चार ओळींत कारण लिहा आणि तो विषय पुढे कसा सुटला ते लिहा.

क्रेडिट किती धरली जातात?

राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार सत्राला साधारण २२ क्रेडिट असतात, म्हणजे दोन वर्षांत ८८. तिकडे पूर्ण वेळ विद्यार्थ्याची वर्षाला साधारण ३० ते ३२ होतात, म्हणून आपली ८८ तशीच्या तशी धरली जातील अशी आशा ठेवू नका. मूळ विषयाचे पेपर, गणित आणि प्रयोगशाळेचे तास धरले जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सेवा योजना, योग, कौशल्य अशा सदरातली क्रेडिट बहुधा गळतात.

निर्णय अभ्यासक्रम वाचून होतो, पेपरच्या नावावरून नाही. ‘गणित ३’ एवढ्यावरून कोणालाही काही कळत नाही. त्यासाठी प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि एका फाइलमध्ये गुणपत्रिकेवरच्या पेपर क्रमांकाच्या क्रमानं लावा. घटक, तास, क्रेडिट, पाठ्यपुस्तकं आणि प्रात्यक्षिकांची यादी हे सगळं त्यात हवं. हे आजच करा, कारण अभ्यासक्रम बदलला की जुनी फाइल संकेतस्थळावर सापडेलच असं नाही. मराठी माध्यमातून बी.ए. करणाऱ्यांनी भाषांतरासाठी महिनाभर जास्तीचा धरावा.

एमआयटीसारख्या (अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था) ठिकाणी काही विषय आधी झालेले असावे लागतात: वर्षभराचं कॅल्क्युलस आणि कॅल्क्युलसवर आधारलेलं वर्षभराचं भौतिकशास्त्र.

कॉलेज रिपोर्ट आणि मिड-टर्म रिपोर्ट हे काय असतं? ऑफिसात कोणालाच माहीत नाही.

माहीत नसणं स्वाभाविक आहे, असा कागद तिथे बहुधा पहिल्यांदाच येतो. तुम्ही या कॉलेजचे नियमित विद्यार्थी आहात, शिस्तभंगाची कारवाई झालेली नाही आणि परत शिकायला यायला तुम्हाला आडकाठी नाही, एवढंच कॉलेज रिपोर्टमध्ये भरायचं असतं. तो प्राचार्य भरू शकतात, विद्यापीठात जायची गरज नाही. कोऱ्या फॉर्मसोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत लिहिलेलं एक पान न्या. काम एका फेरीत होतं.

मिड-टर्म रिपोर्टमध्ये चालू सत्रातल्या प्रत्येक विषयाची आजवरची ग्रेड त्या त्या प्राध्यापकांनी लिहायची असते. आपल्याकडे सत्राच्या मध्यात ग्रेड नसते. म्हणून अंतर्गत चाचणीचे गुण लिहावेत, जसे ‘२० पैकी १७’. चाचणी झालेली नसेल तर ‘अद्याप मूल्यमापन नाही’ असं स्पष्ट लिहून सही करावी. रकाना कोरा ठेवू नये, कारण कोरा रकाना अपुरा अर्ज समजला जातो.

शिफारसपत्र कोणाकडून घ्यावं? सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो.

ज्यांनी तुम्हाला प्रत्यक्ष शिकवलं त्यांच्याकडूनच. संस्थेचे अध्यक्ष, आमदार किंवा ओळखीचे अधिकारी यांच्या पत्राचा काडीचाही उपयोग नाही.

‘तूच लिहून आण’ हे सर चांगल्या मनानं म्हणतात, तरी तसं करू नका. नियमाला धरून नाही हे तर आहेच, शिवाय निबंध आणि पत्र एकाच हातचं असलं की भाषेवरून ओळखू येतं. त्याऐवजी सरांना टिपण द्या: कोणत्या प्रात्यक्षिकात काय केलं, सेमिनार कशावर दिला, कोणता प्रश्न घेऊन तासानंतर थांबलात, प्रकल्पात काय चुकलं आणि कसं सुधारलं. टिपण मराठीतच द्या. सरांना इंग्रजीत लिहिणं अवघड वाटत असेल तर मराठी पत्र आणि सोबत प्रमाणित भाषांतर चालतं का, ते प्रवेश कार्यालयाला ईमेलनं विचारा. मनापासून लिहिलेलं मराठी पत्र पाठ केलेल्या इंग्रजी विशेषणांपेक्षा कधीही सरस.

पत्र पाठवणाऱ्याचा ईमेल कॉलेजच्या नावाचा असेल तर उत्तम. पुष्कळ कॉलेजांत प्राध्यापकांना तसा ईमेल नसतो. अशा वेळी पत्र लेटरहेडवर, आवक-जावक क्रमांकासह आणि शिक्क्यानिशी द्यावं आणि प्राचार्यांनी कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून दोन ओळींची पुष्टी पाठवावी.

निबंधात काय लिहावं?

‘इथे का शिकायचं नाही’ यापेक्षा ‘तिथे नेमकं काय शिकायचं आहे’ हे लिहावं. कॉलेजची निंदा करू नका. प्रयोगशाळा जुनी आहे, तास होत नाहीत, अशा तक्रारींनी निबंध भरला की वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

एक उदाहरण घ्या. लातूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीला भूकंपशास्त्रात रस आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला तो भाग तोवर भूकंपाच्या दृष्टीनं स्थिर समजला जात होता. खंडाच्या आत, भूपट्टाच्या (प्लेटच्या) सीमेपासून दूर भूकंप का होतात, हा तिचा प्रश्न. त्यासाठी लागणारं भूभौतिकी आणि सिग्नल प्रोसेसिंग तिच्या बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात नाही आणि जिथे अर्ज करतेय तिथे ते अमुक विभागात, अमुक कोर्समध्ये शिकवतात. इतकं नेमकं लिहिता आलं तर बदलीचं कारण वेगळं पटवून द्यावं लागत नाही. तिथल्या कोर्सची नावं त्या वर्षीच्या सूचीतून घ्या. रँकिंग आणि ‘जागतिक दर्जा’ हे शब्द मुळीच नकोत.

दुष्काळाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. घरात सोसलेलं असेल तर जरूर लिहा, त्यात संकोच कसला? पण सहानुभूती मिळावी म्हणून दुष्काळ आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या निबंधाला जोडू नका. आपल्या माणसांचं दुःख प्रवेशासाठी वापरायची वस्तू नाही.

शाळेचे कागदही लागतात का?

लागतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका सहज मिळतात, अडतं नववी आणि अकरावीवर. बोर्डाची परीक्षा नसल्यामुळे ते निकाल शाळेतच असतात आणि प्रगतिपत्रक बहुधा मराठीत असतं. मुख्याध्यापकांना शाळेच्या नोंदीवरून इंग्रजीत निकाल लिहून सही-शिक्का द्यायची विनंती करा. उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळेत कोणी भेटत नाही, हे धरून चाला.

दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांकडे बारावी नसते. त्यांनी डिप्लोमाच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका लावून प्रवेश कार्यालयाला आधी विचारावं.

नावात आणि गावाच्या नावात तफावत आहे.

आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. अर्जात नेहमी पासपोर्टप्रमाणे लिहा. स्पेलिंग वेगळं असेल, जसं एकीकडे एक ‘ए’ आणि दुसरीकडे दोन, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याच्या दहावीच्या कागदावर जुनं नाव आणि पदवीच्या कागदावर नवं असं दिसतं. परक्या वाचणाऱ्याला ती दोन वेगळी शहरं वाटतात. जादा माहितीच्या जागेत एका वाक्यात खुलासा करा.

इंग्रजीची परीक्षा कोणती द्यावी?

आयईएलटीएस, टोफेल किंवा ड्युओलिंगो यांपैकी त्या विद्यापीठाला चालेल ती. नामांकित ठिकाणी आयईएलटीएसचे ७ ते ७.५ बँड साधारण अपेक्षित असतात. घरून परीक्षा देत असाल तर वीज आणि नेटची खात्री करा, मध्येच खंड पडला तर परीक्षा बाद होऊ शकते. खेड्यात राहणाऱ्यांनी केंद्रावर जाऊन द्यावी. सॅट (अमेरिकेतली पदवीची प्रवेशपरीक्षा) लागते का हे विद्यापीठागणिक बदलतं. नांदेड-लातूरकडून त्यासाठी पुण्या-मुंबईइतकाच हैदराबादचाही विचार करा.

खर्च किती? आणि मदत मिळते का?

खासगी नामांकित विद्यापीठात शुल्क, राहणं आणि जेवण धरून वर्षाला साधारण ८५ ते ९५ हजार डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी ७२ ते ८१ लाख. हा आकडा घरात पहिल्याच दिवशी सांगा.

हार्वर्ड, येल आणि एमआयटी प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याचीही पैशाची गरज विचारात घेत नाहीत आणि प्रवेश दिला की गरजेइतकी मदत करतात. अशी विद्यापीठं मोजकीच आहेत. कॅलिफोर्नियाच्या शाखा आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित मदत देत नाहीत. काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना मदत आहे, पण ट्रान्सफरने येणाऱ्यांना नाही. प्रवेश कार्यालयाला नेमका असाच प्रश्न विचारा: ‘परदेशी ट्रान्सफर विद्यार्थ्याला मदत मिळते का, आणि मदत मागितल्यानं निवडीवर परिणाम होतो का?’

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत, पदवीच्या ट्रान्सफरला नाहीत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी याचा नीट विचार करावा. इथेच पदवी चांगल्या गुणांनी पूर्ण करून पदव्युत्तरला शिष्यवृत्तीवर जाणं पुष्कळांसाठी जास्त शहाणपणाचं आहे.

वडील शेती करतात, आयकर विवरणपत्र नाही. उत्पन्न कसं दाखवायचं?

शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, त्यामुळे विवरणपत्र नसणं यात काही गैर नाही. मदतीसाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल हा घरच्या आर्थिक माहितीचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. त्याचं शुल्क पहिल्या विद्यापीठासाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६. त्यात शेतीचं उत्पन्न, खर्च आणि जमिनीची किंमत वेगवेगळी विचारतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ, कापूस-सोयाबीनच्या आडत पट्ट्या, ऊस असेल तर कारखान्याची बिलं, पीककर्जाचा खातेउतारा आणि वर्षभराचं बँक पासबुक एवढं जमवा आणि इंग्रजी भाषांतर करून घ्या.

दोन चुका नेहमी होतात. एक, फक्त विक्रीची रक्कम दाखवायची आणि बियाणं, खत, फवारणी, मजुरीचा खर्च लिहायचाच नाही. मग उत्पन्न फुगलेलं दिसतं आणि मदत घटते. दुसरी, दाखल्यावर एक आकडा आणि प्रोफाइलमध्ये दुसरा. फरक असेल तर कारण लिहा, त्या वर्षी अतिवृष्टीनं पीक गेलं असेल तर तेही.

व्हिसासाठी जमीन दाखवली तर चालते का?

चालत नाही. आय-२० साठी (व्हिसाला लागणारा, विद्यापीठ देतं तो कागद) पहिल्या वर्षाच्या खर्चाइतका हाताशी असलेला पैसा दाखवावा लागतो: बचत, मुदत ठेव, मंजूर कर्जाचं पत्र किंवा विद्यापीठाची मदत. जमिनीच्या मूल्यांकनाचा किंवा ऐपतीचा दाखला त्यात धरत नाहीत. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बँका तयार नसतात, कारण सरफेसी या थकीत कर्जाच्या वसुलीच्या कायद्याखाली शेतजमिनीवर वसुली करता येत नाही. बिगरशेती प्लॉट किंवा घर चालतं. व्हिसाचं शुल्क १८५ डॉलर आणि सेव्हिसचं (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारची नोंदणी) ३५० डॉलर वेगळं धरा. मुलाखत मुंबईच्या वाणिज्य दूतावासात होते.

एजंटकडे जावं का?

फॉर्म समजून घ्यायला कोणाची मदत घेतली तर हरकत नाही. निबंध लिहून देणारा, शिफारसपत्र ‘बनवून’ देणारा किंवा प्रवेशाची हमी देणारा भेटला तर तिथून उठून या. खोट्या कागदाची शिक्षा एजंटला होत नाही, ती विद्यार्थ्याला भोगावी लागते.

इथल्या कॉलेजातून टी.सी. कधी काढायची?

व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर बसल्यावर. टी.सी. किंवा मायग्रेशन काढलं की इथला प्रवेश संपतो आणि व्हिसा नाकारला गेला तर वर्ष हातचं जातं. अमेरिकेतलं विद्यापीठ ही दोन्ही मागत नाही, त्यामुळे घाईचं कारणच नाही. तोवर चौथ्या सत्राची परीक्षा पूर्ण द्या. प्रवेशपत्रात चालू विषय चांगल्या ग्रेडनं पूर्ण करण्याची अट असते.

कॉलेजनं मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या असतील तर लेखी अर्ज करून परत मागा. मूळ कागद पडताळून लगेच परत द्यावेत, अडवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्येच बजावलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा आणि पोच घ्या.